आजीचं 'मले-तुले' नातीच्या तोंडी आलंय, आता काय करू?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत):

मूळचे अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, वय ३६, शिक्षण संपल्यापासून पुण्यात नोकरी. बायको पुण्याचीच. मुलगी साडेचार वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीला. गेल्या वर्षी वडील गेले, तेव्हापासून आई यांच्याकडेच असतात. नवराबायको दोघं कामावर, त्यामुळे शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत नात आजीजवळ. आता ती "मले पानी दे", "मी खेयून राहिली", "माहा डोया दुखते" असं सर्रास बोलते. मधे एकदा टीचरने खाली बस म्हटलं तर "काऊन बे?" म्हणाली आणि डायरीत शेरा आला, घरी योग्य भाषा वापरावी. बायकोचं म्हणणं, आईंना जरा नीट बोलायला सांगा. पुढच्या महिन्यात शाळेत आजी-आजोबा दिवस आहे, आजीने वर्गात गोष्ट सांगायची असते, तर त्या दिवशी आपल्या स्वतःच्या आईला पाठवू असंही बायको म्हणतेय. वाचक लिहितात, "मी स्वतः पुण्यात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं रूमवर रोज पानी-आनि वरून ऐकून घेतलंय. मग मुद्दाम सवय करून शुद्ध बोलायला शिकलो. आता फक्त गावाकडच्या दोस्ताचा फोन आला की आपोआप गिअर बदलतो. आईचा फोन मी ऑफिसात असेन तर बाहेर जाऊन घेतो. मुलीच्या वाट्याला हे सगळं येऊ नये. आईला न दुखवता शुद्ध बोलायला कसं सांगू?"

---

"काऊन बे?" वाचून आधी हसू आलं, माफ करा. पण त्या दोन शब्दांची आधी फोड करू, कारण तुमच्या घरात जो गोंधळ चाललाय तो सगळा त्यात आहे.

"काऊन" म्हणजे का. बास. त्यात उर्मटपणा नाही, वाईट नाही, काही नाही. "बे" चं मात्र वेगळं आहे, तो बरोबरीच्या दोस्तांत चालतो आणि मोठ्यांशी बोलताना चालत नाही, आणि हा नियम पुण्याने काढलेला नाही, अकोल्याचाच आहे. तुम्ही चौथीत असताना गुरुजींना "काऊन बे" म्हणाला असता तर पुढे काय झालं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. म्हणजे टीचरची तक्रार खरी आहे पण ती मानाची तक्रार आहे, पोरगी अगदी पुणेरी थाटात "का रे?" म्हणाली असती तरी तेवढीच चुकली असती. आणि अजून एक, हा "बे" आजीकडून आला असेल असं मला तरी वाटत नाही. तिकडच्या बाया नातीशी "काय वं", "ये वो माय" असं बोलतात, "बे" बहुतेक करून पोरापोरांतला. तेव्हा घरात दोस्ताशी फोनवर तासभर बे-बे करत कोण बोलतं याचा जरा तपास लावा, आईकडे जायच्या आधी.

आता "मले पानी दे". हे सगळ्यात जास्त खटकतंय ना घरात? तर बघा, तुमची मुलगी मले म्हणते, तुले म्हणते, आजीले म्हणते, म्हणजे जिथे जिथे पुण्यात "ला" लागतो तिथे तिथे ती न चुकता "ले" लावते. ळ आला की य करते, डोळा-डोया, शाळा-शाया, जवळ-जवय. चालू असलेलं काम सांगायचं तर "खेळतेय" च्या जागी "खेयून राहिली". साडेचार वर्षांच्या मेंदूने एका अख्ख्या बोलीचं व्याकरण कुणी न शिकवता उचललंय, ते पण वर्षभरात, आणि आपण सगळे मोठे लोक मिळून त्याला चूक म्हणतोय. चूक कधी म्हणायची, तर पोर "मलेला" किंवा "मी खेयून राहिला आहेस" असं काहीतरी बोलली तर. तसं ती बोलत नाहीये.

बरं, हीच मुलगी दिवसभर अजून काय काय बोलत असेल? "मम्मा मला शूज घालून दे", "मी बोअर होतेय", "माझं होमवर्क फिनिश झालं", "येलोवाला क्रेयॉन दे". यातलं एकही वाक्य घ्या, कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकाला ते शुद्ध म्हणून पटणार नाही. त्यावर डायरीत शेरा आला का कधी? नाही येणार. कारण इंग्रजीने बिघडलेली मराठी कानाला पुढारलेली वाटते आणि वऱ्हाडातून आलेली मराठी मागासलेली, म्हणजे अडचण शुद्ध-अशुद्धाची नाहीच, शब्द कुठल्या गावाहून आणि कुणाच्या घरातून आला त्याची आहे. हे एकदा स्वतःशी कबूल केलंत की पुढचं सगळं सोपं जाईल.

तुमच्या पत्रात "शुद्ध" सारखं येतं म्हणून थोडा इतिहास सांगते, कंटाळा आला तर पुढच्या दोन पॅऱ्यांवरून उडी मारा. आपण ज्याला आज प्रमाण मराठी म्हणतो तिचं रूप प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात घट्ट झालं, मुंबई इलाख्यातल्या शाळा, छापखाने आणि कचेऱ्यांसाठी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. सगळ्यांना वाचता येईल असं एक छापील रूप हवं होतं, ते पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांच्या बोलण्यावरून घेतलं गेलं, ठीक आहे, कुठलंतरी घ्यावंच लागतं. तुमचं वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच, आधी निजामाकडे, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, १९०३ ला मध्य प्रांताला जोडलं, आणि पुण्या-मुंबईबरोबर एका राज्यात आलं ते थेट १९५६ ला. म्हणजे भाषेचा नमुना ठरत होता तेव्हा तुमच्या खापरपणज्याला कुणी विचारायला आलं नव्हतं. छापखाने आणि कचेऱ्या अमरावतीला असत्या तर आज पुण्यातल्या पोरांना टीचर "मला नाही, मले म्हणायचं" असं दटावत असत्या, यात मला तरी काही शंका नाही. आणि गंमत म्हणजे मराठीतला पहिला मानला जाणारा गद्य ग्रंथ महानुभावांनी तेराव्या शतकात लिहिला आणि त्या पंथाचं मोठं ठिकाण रिद्धपूर, जिल्हा अमरावती, तुमच्या शेजारचाच जिल्हा. मराठी भाषा विद्यापीठ आता तिथेच काढलंय.

आणि जे शुद्ध ते तरी कुठे जागेवर बसतं? तुमच्या आजोबांच्या पिढीत "नाहीं", "कांहीं", "घरें" असं अनुस्वार देऊन लिहिणारा शुद्ध लिहिणारा होता. १९६२ ला साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले, न बोलले जाणारे अनुस्वार गेले, आणि आज तसं कुणी लिहिलं तर लाल पेनाची खूण.

खरं दुखणं मात्र व्याकरणापेक्षा खोल आहे आणि ते मोकळेपणाने बोललं पाहिजे. न आणि ण वरून महाराष्ट्रात माणसाची फक्त शाळा ओळखत नाहीत, जात ओळखतात. "आनि-पानी" ची नक्कल करणाऱ्याला बऱ्याचदा कळत पण नसतं की तो कशाची नक्कल करतोय, पण ज्याची होते त्याला बरोबर कळतं. हे जुनंच आहे. जोतीराव फुल्यांनी काय लिहिलंय ते बाजूला ठेवून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या मराठीच्या चुका काढल्या होत्या, हे एकोणिसाव्या शतकातलं, आणि आज ऑफिसच्या कँटीनमध्ये तेच चालतं फक्त निबंध न लिहिता. तुमच्या रूमवर दोन वर्षं जे झालं ते "गंमत" नव्हती, तुम्ही पत्रात दोनच ओळींत उरकलंय पण मला ते पुरेसं दिसलं.

म्हणूनच मी तुम्हाला असं अजिबात सांगणार नाही की लोकांकडे लक्ष देऊ नका, बोली किती गोड असते वगैरे. लोक हसतात. इंटरव्ह्यूत फरक पडतो. वर्गात मुलं चिडवतात. तुमच्या मुलीला प्रमाण मराठी लिहिता-बोलता आलीच पाहिजे, त्यावर माझी काही तडजोड नाही, गरिबाघरच्या पोराला तर ती जास्तच आली पाहिजे कारण त्याला दुसरा आधार नसतो. पण तुमच्या मुलीला ती येणार नाही ही भीती कुठून आली? तिची आई पुण्याची. बिल्डिंगमधली मुलं पुण्याची. शाळा, टीव्ही, गोष्टींची पुस्तकं सगळं त्याच बाजूचं. त्या सगळ्या फौजेसमोर एकटी आजी, दुपारचे चार-पाच तास. मुलं शेवटी घरातल्या म्हाताऱ्यांसारखी बोलत नाहीत, बरोबरीच्या मुलांसारखी बोलतात, त्यामुळे दोन वर्षांत हे "मले" कुठे गेलं म्हणून शोधावं लागेल अशीच शक्यता जास्त. आणि दोन भाषांत वाढणारी मुलं अगदी दोन-अडीच वर्षांची असल्यापासून कुणाशी काय बोलायचं याचा अंदाज घ्यायला लागतात. मधे मधे सरमिसळ होते, ती होऊ द्यायची असते. तुमची मुलगी आत्ता त्या सरमिसळीत आहे, एवढंच.

आता तुमचा प्रश्न, आईला कसं सांगू.

माझं म्हणणं, सांगू नका. कितीही गोड शब्दांत सांगितलंत तरी त्याचा अर्थ एकच होतो. साठीच्या पुढच्या माणसाचं बोलणं सांगून बदलत नसतं, ते बंद होतं. पुढे काय होईल ते डोळ्यासमोर आणा, त्या बाई आधी दोन दिवस प्रयत्न करतील, "पाणी" म्हणताना ण वर अडखळतील, नात हसेल, मग हळूहळू हो-नाही वर येतील, मग दुपारी नातीला टीव्ही लावून देतील कारण टीव्ही बरोबर बोलतो. बेल वाजली तर दार उघडून आत निघून जातील. नवरा जाऊन वर्ष झालंय त्यांचा, गाव सुटलंय, शेजारणी सुटल्या, दिवसभरात मनमोकळं बोलायला एकच माणूस आहे ते साडेचार वर्षांचं. तेवढं पण काढून घ्यायचं का? आणि त्या तुम्हाला काही बोलणार पण नाहीत हो, हेच तर आहे.

दुसरा मार्ग म्हणजे काहीच करायचं नाही, जसं चाललंय तसं चालू द्यायचं. हे वरवर बरं वाटतं पण मला पटत नाही, कारण मग बायको आतल्या आत चिडत राहणार, शाळेतून शेरे येत राहणार, आणि मुलीला कुणीतरी हसल्यावर आपण का हसले गेलो हे तिला कधी कळणारच नाही. तिसरा, पाळणाघर. तुम्ही विचारलं नाहीये पण घरात हा विषय निघाला असेल असा माझा अंदाज आहे. पाळणाघर दुसऱ्या काही कारणासाठी लागलं तर जरूर लावा, भाषेसाठी लावू नका.

मग करायचं काय? सुरुवात तुमच्यापासून आहे आणि हे तुम्हाला आवडणार नाही कदाचित. तुम्ही लिहिलंय की आईचा फोन बाहेर जाऊन घेता. घरात आईशी बोलताना तुम्ही काय बोलता, बायको समोर असताना? पत्रावरून तरी वाटतं की पुणेरीच, आणि आई वऱ्हाडीत उत्तर देते. म्हणजे मुलीला रोज काय दिसतं, तर बाबाला दोन्ही येतं पण एक तो लपवतो. व्याकरणापेक्षा हे मुलं फार लवकर शिकतात. १९६० साली मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला होता, दोन्ही भाषा अस्खलित येणाऱ्या माणसांनी एकच उतारा एकदा इंग्रजीत वाचला आणि एकदा फ्रेंचमध्ये, ऐकणाऱ्यांना वाटलं ही वेगवेगळी माणसं आहेत, आणि आवाजावरून सांगा कोण हुशार कोण उंच कोण भरवशाचा असं विचारलं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी इंग्रजी आवाजांना झुकतं माप दिलं, ते ठीक, अपेक्षितच. पण ज्यांची स्वतःची भाषा फ्रेंच त्या मुलांनीही इंग्रजी आवाजांनाच जास्त मार्क दिले, आणि बऱ्याच बाबतींत फ्रेंच आवाजांना इंग्रजांपेक्षाही कमी लेखलं. तोच माणूस, तोच उतारा. रूमवरच्या पोरांनी तुम्हाला जे दिलं ते आता तुम्हीच सांभाळताय असं मला म्हणायचंय, आणि मुलीच्या वाट्याला येऊ नये म्हणता तेच तिला घरून मिळायला लागलंय.

तेव्हा आजपासून आईशी आईच्या बोलीत बोला, बायको समोर असताना, पाहुणे समोर असताना, फोन स्पीकरवर असताना. बायकोशी जसं बोलता तसंच बोला, त्यात बदल नको. मुलीला एकाच ताटावर बसून दिसू दे की बाबा आजीला "तुले वाढू का" म्हणतो आणि आईला "तुला वाढू का", आणि दोन्ही वेळेला त्याचा चेहरा तोच असतो. हे झालं की अर्धं काम झालं.

मुलगी "मले पानी दे" म्हणाली तर तिच्या आईने काय करायचं? दटावायचं नाही, "मले नाही, मला" असा धडा पण घ्यायचा नाही. "तुला पाणी हवंय? हे घे" एवढं म्हणून पाणी द्यायचं. पोरीला बरोबर रूप ऐकू गेलं, पाणी मिळालं, अपमान झाला नाही. जरा खेळायचा मूड असेल तर, आजी याला काय म्हणते आणि टीचर काय म्हणते, असं विचारा. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि त्यातूनच त्यांना कळतं की एकाच गोष्टीला दोन नावं आहेत, जागा वेगळ्या आहेत. बायकोलाही या खेळात घ्या, कारण सासूने भाजीवर सांबार घालायला सांगितला की ती अजून गोंधळत असणार (विदर्भाबाहेरच्यांसाठी, तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे). दोघींच्या बोलण्यात अशा कितीतरी जागा असतील ज्यावर आज चिडचिड होते आणि उद्या हसता येईल.

"बे" बद्दल मात्र स्पष्ट सांगायचं, मोठ्यांशी नाही म्हणजे नाही. हे आईलाच सांगायला सांगा, बघा त्या कशा पटकन लावून धरतात, मानपानाच्या बाबतीत त्या तुमच्या दोघांपेक्षा कडक असणार. शिव्यांचंही तेच. आपल्याकडे बोली, तरुण पोरांचे टपोरी शब्द आणि शिव्या हे सगळं एकाच पोत्यात भरून त्यावर "गावठी" अशी चिठ्ठी लावतात, तुम्ही तरी ते वेगळं काढा.

बायकोबद्दल. त्यांना खलनायिका करू नका हं. मुलीला वर्गात हसतील या भीतीने त्या बोलतायत, आणि ती भीती तुमच्याच गोष्टीवरून आली असेल, रूमवरचे किस्से तुम्ही त्यांना नक्कीच सांगितले असतील. फरक इतकाच की त्यांना स्वतःचं बोलणं कधी बदलावं लागलेलं नाही म्हणून त्यांना वाटतं "नीट बोला" हे "दार लावा" इतकं सोपं आहे. त्यांच्याशी भांडण नको, एवढंच म्हणा की मुलीची प्रमाण मराठी ही माझी पण जबाबदारी आहे, रोज रात्री मी तिला पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवीन, पण आईला कुणी टोकायचं नाही. वाचून दाखवणं खरंच करा, नुसतं कबूल करून सोडू नका, छापील मराठी कानावर पडण्याचा तो सगळ्यात चांगला रस्ता आहे. वर्षभरात मुलगी पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणायला लागली की बायकोची भीती आपोआप उतरेल.

टीचरना डायरीत उत्तर लिहू नका, भेटा. "बे" बद्दल आधी सॉरी म्हणा, घरी सांगितलंय म्हणा. मग सांगा की तिची आजी वऱ्हाडची आहे, घरी दोन प्रकारची मराठी बोलली जाते, वर्गात ती "मले" म्हणाली तर टोकण्यापेक्षा तुम्ही फक्त बरोबर रूप वापरून उत्तर द्या, ती उचलेल. आणि इतर मुलं हसली तर तेवढं थांबवा. बहुतेक टीचर ऐकतात, त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं. नाहीच पटलं तर बहिणाबाई चौधरींचं नाव काढा. लिहिता-वाचता न येणारी बाई, खानदेशातल्या लेवा गणबोलीत कविता रचल्या, त्या बोलीत आणि तुमच्या आईच्या बोलीत बरंच साम्य आहे, १९५२ ला पुस्तक आलं, पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्या कविता शाळेत पाठ करतायत आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचंच नाव आहे. पुस्तकात आली की मार्कांचं रसग्रहण आणि पोरीच्या तोंडून आली की डायरीत शेरा, असं कसं चालेल?

आजी-आजोबा दिवसाला दोन्ही आज्यांना विचारा. शाळा एकीलाच बोलावत असेल तर जी रोज सांभाळते तिचा पहिला मान, हे बायकोलाही पटेल, पटायला हवं. पण तुमच्या आईला जायचंय का हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका, गाडी उलटी पण हाकू नका, म्हणजे आता बोलीचा अभिमान दाखवायचाय म्हणून त्यांना वर्गासमोर उभं करायचं असंही नको. त्या नको म्हणाल्या तर का नको ते विचारा. हो म्हणाल्या तर गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगू द्या, आधी तालीम नको, आणि तुम्ही हाफ डे टाकून मागे बसा. साडेचार-पाच वर्षांची मुलं गोष्टीतल्या वाघाकडे बघतात, ळ कडे नाही. मोठी माणसं गालातल्या गालात हसतील, एक-दोन जणी नंतर येऊन "कित्ती गोड बोलतात तुमच्या आई" म्हणतील. या गोड-गोडचाही मला थोडा राग आहे खरंतर, बोलीला एकतर गावठी म्हणायचं नाहीतर गोड, मधलं काही नाहीच, साधं बोलणं म्हणून तिला कुणी वागवतच नाही. मालिकांमध्ये बघा, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा कोण असतो, एकतर गडी नाहीतर हसवणारा. डॉक्टर असतो का कधी?

मुलीला आजीकडून काय मिळतंय ते एकाच उदाहरणात सांगते. "शायेतून आली का सांगजो." हे सांगजो, येजो, जेवजो आहे ना, ते पुण्याच्या बोलण्यात असं वेगळं रूप म्हणून नाही. आत्ता नको, नंतर, आठवणीने, आणि हुकूम नाही बरं का, मायेने सांगतेय, हे सगळं त्या एका "जो" मध्ये येतं. आम्हाला "सांग हं" किंवा "सांगशील ना" असं काहीतरी जोडून भागवावं लागतं. तुमच्या मुलीकडे ते आयतं आहे.

अशी अजून दोन पत्रं पडून आहेत म्हणून त्यांनाही इथेच. कोल्हापूरकडची एक मुलगी लिहिते की ऑफिसात ती "मी येतो, मी जातो" म्हणते आणि सगळे "तू मुलगा आहेस का" म्हणून रोज तोच विनोद करतात. तुझ्याकडच्या बाया असंच बोलतात, तू काही चूक बोलत नाहीस, एकदा शांतपणे सांग "आमच्याकडे बायका असंच बोलतात" आणि पुढच्या वेळी हसू नकोस त्यांच्याबरोबर. आपणच हसून साथ दिली की विनोद संपत नाही. परभणीच्या दादाने विचारलंय की "जेवायलो" म्हटलं की टीममधले "अजून जेवायचायस का" विचारतात, बदलू का? अहो ते खरोखर न कळल्यामुळे विचारत असतील, तिथे "जेवतोय" म्हटलंत म्हणून काही बाटत नाही, कामाच्या ठिकाणी समोरच्याला कळणं महत्त्वाचं. टोमणा आणि न समजणं यातला फरक त्याच्या चेहऱ्यावरून कळतोच. अर्ज, ईमेल, रिपोर्ट प्रमाण भाषेतच लिहा, तिथे बोलीचा हट्ट नको. इंटरव्ह्यूत शब्द प्रमाण ठेवा आणि हेल राहिला तर राहू द्या, हेल लपवायच्या नादात माणूस काय बोलायचं तेच विसरतो.

आणि ज्यांच्या घरी किंवा टीममध्ये असं बोलणारं कुणी आहे, त्यांनी नक्कल करायच्या आधी एवढं बघावं की तो माणूस पण आपल्याबरोबर हसतोय की नुसता गप्प बसलाय. गप्प बसला असेल तर तिथल्या तिथे थांबा, आणि त्याचं जे वाक्य मधे तोडलं होतं ते त्याला पूर्ण करू द्या.